चुकीच्या जागी पडलेला पूर्णविराम

आमच्या शाळेत विज्ञान दिनाला दरवर्षी एक तक्ता लागतो. वर मोठ्या अक्षरात 'मुस्लिम सायन्सदां' आणि खाली इब्न सीना, अल ख्वारिज्मी, इब्न अल हैसम, जाबिर बिन हय्यान. सगळ्यात शेवटी अब्दुल कलाम. मजकूर विज्ञानाचे सर देतात आणि माझं अक्षर बरं म्हणून लिहितो मी. मी भाषेचा मास्तर. सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. विज्ञानाशी माझा संबंध त्या तक्त्यापुरताच.

दोन वर्षांपूर्वी तक्ता लावत होतो तेव्हा दहावीतली एक मुलगी मागे येऊन उभी राहिली. वर्गात फारसं न बोलणारी. तिने सगळी नावं वाचली आणि विचारलं, "सर, कलाम साहब छोड के इसमें आज के जमाने का कौन है?"

मी म्हणालो, अब्दुस सलाम आहेत की, १९७९चं नोबेल. ती म्हणाली, "वो फिजिक्स के. मेरे को बायोलॉजी का होना."

मला एकही नाव आठवलं नाही. हजार वर्षांपूर्वीची दहा नावं तोंडपाठ असलेला मास्तर तिथं गप्प झाला.

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा आनुवंशिकतेचा आहे. त्यातल्या डीएनएच्या माहितीने तिला वेड लावलं होतं. या विषयाचं पुढे शिक्षण असतं आणि त्याला 'सालमाती हयातियात' म्हणतात, एवढं विज्ञानाच्या सरांनी तिला सांगितलं होतं. मराठीत रेणवीय जीवशास्त्र. अकरावीत गेल्यावर मॉलिक्युलर बायोलॉजी. विषय एकच, पण आमच्या मुलांना त्याची तीन नावं पाठ करावी लागतात. तिला जाणून घ्यायचं होतं की ही माणसं आयुष्यभर करतात काय, आणि आपल्यातलं कुणी त्या वाटेने गेलंय का.

"देखके बताता हूं," असं सांगून मी वेळ मारून नेली. पण त्या रात्री झोप लागली नाही. त्याचं कारण ती मुलगी नव्हती. कारण होता एक मुलगा.

तो २००९ साली माझ्याकडे दहावीला होता. डबक्यातलं पाणी बाटलीत भरून आणायचा, मुंग्या काडेपेटीत आणायचा आणि शाळेच्या एकुलत्या एका खुर्दबिनीवर म्हणजे सूक्ष्मदर्शकावर मधल्या सुट्टीत बसायचा. दहावीला चांगले गुण मिळाले. त्याचे अब्बा पेढे घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, सर, आता याला कुठं घालू? हा सायन्स म्हणतोय.

मी सांगितलं, बारावी कुठूनही करू द्या, पण त्यानंतर डीएड. सायन्स घेऊन इंग्रजीत शिकायचं, क्लास लावायचे, आणि एवढं करून पुढे काय? मास्तरकी पक्की नोकरी. मला बघा.

त्याने ऐकलं. आमच्या पोरांचा हा एक गुण आहे, मास्तरांचं ऐकतात. त्याचं डीएड होईपर्यंत शिक्षकभरती थांबली आणि वर्षानुवर्षं थांबलीच. आज तो विजापूर वेशीच्या बाजूला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. भेटला की अजूनही आदराने सलाम करतो. त्या सलामाने मला जरा ओशाळायला होतं.

म्हणून या वेळी वेळ मारून न्यायची नाही असं ठरवलं आणि वाचायला बसलो. पहिल्या काही दिवसांतच एक नाव सापडलं. ते मला आधी माहीत नसावं याची लाज वाटली, कारण त्या माणसाने निम्मं आयुष्य आपल्या मुंबईत, कुलाब्यात काम केलं होतं. ओबैद सिद्दीकी.

ओबैद सिद्दीकींचा जन्म १९३२चा, उत्तर प्रदेशातल्या बस्तीचा. शिक्षण अलीगढ मुस्लिम विद्यापीठात, विषय वनस्पतिशास्त्र. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत गव्हाच्या आनुवंशिकतेवर काम करायला लागले. तिथे एके दिवशी गारपीट झाली आणि त्यांचं प्रयोगाचं पीक झोपलं.

हे वाचून मी थांबलो. गारपीट काय असते हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. द्राक्षबागेत एका दुपारीत वर्षाची मेहनत मातीत जाताना आपण पाहतो. संशोधकाचंही तसंच होतं. त्या जागी मी असतो तर गावी परत जाऊन बीएड केलं असतं. सिद्दीकींनी हिशोब वेगळा केला. गव्हाचं एक पीक यायला अख्खा हंगाम जातो आणि ते उघड्या आभाळाखाली असतं. बुरशी आणि जिवाणू बंद खोलीत काचेच्या ताटलीत वाढतात आणि त्यांच्या पिढ्या भराभर निघतात. ते ग्लासगोला गुइडो पॉन्टेकोर्वो यांच्याकडे गेले.

हे पॉन्टेकोर्वो मूळचे इटलीचे ज्यू. मुसोलिनीच्या राजवटीत वंशाच्या कायद्यांमुळे त्यांना देश सोडावा लागला आणि ते स्कॉटलंडला स्थिरावले. अलीगढचा एक तरुण इटलीतून आलेल्या निर्वासित ज्यू प्राध्यापकाकडे बुरशी वाढवायला शिकला. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज जे फिरतं त्याच्या शेजारी हे वाक्य ठेवून बघा.

ॲस्परजिलस नावाची ती बुरशी. जनुक म्हणजे माळेतला एक अखंड मणी नाही, त्याच्या आतही जोडतोड होते, हे त्या काळात नव्याने समजत होतं. ही जोडतोड जनुकाच्या आत कशी होते, हा सिद्दीकींच्या पीएचडीचा विषय. ती झाल्यावर ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲलन गॅरन यांच्याकडे गेले. पीएचडीनंतर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काही वर्षं उमेदवारी करायची असते, तिला पोस्टडॉक म्हणतात, हेही मला तेव्हाच कळलं. म्हणजे डॉक्टर झाल्यावरही शागिर्दी संपत नाही.

तिथलं काम समजायला मला चार दिवस लागले. विज्ञानाच्या सरांना दोनदा चहा पाजला. पण समजलं तेव्हा वाटलं, अरे, हे तर व्याकरण आहे.

डीएनएच्या लिपीत अक्षरं फक्त चार. शब्द तीन-तीन अक्षरांचे. चार अक्षरांतून तीन अक्षरी शब्द होतात चौसष्ट. त्यातले एकसष्ट शब्द काहीतरी सांगतात, अमुक अमिनो आम्ल जोड, मग तमुक जोड. अशी साखळी पूर्ण झाली की प्रथिन तयार होतं. उरलेले तीन शब्द काहीच जोडत नाहीत. ते फक्त म्हणतात, थांब. म्हणजे पूर्णविराम. आता एखादं अक्षर बदलून वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडला तर? पेशी तिथेच थांबते. प्रथिन अर्धं राहतं आणि अर्धं प्रथिन सहसा काही कामाचं नसतं. पुढचा सगळा मजकूर शाबूत असतो, पण कुणी तो वाचत नाही.

गॅरन आणि सिद्दीकी यांनी ई. कोलाय या जिवाणूमधल्या एका विकराचा अभ्यास केला. विकर म्हणजे उर्दूत आम्ही ज्याला खामरा म्हणतो ते, एन्झाइम. काही जिवाणूंमध्ये उत्परिवर्तन झाल्यामुळे हे विकर बनत नव्हतं. पण बिघडलेला तोच मजकूर दुसऱ्या एका जातीच्या जिवाणूत नेला की विकर बनायचं. मजकुरातली चूक तशीच होती, पण या दुसऱ्या जिवाणूत ती चूक ओलांडून पुढे वाचण्याची सोय होती. यावरचा त्यांचा शोधनिबंध १९६२ साली प्रसिद्ध झाला. जनुकांच्या भाषेतल्या पूर्णविरामांचा उलगडा त्याच दशकात झाला आणि हे काम त्या वाटेवरची एक महत्त्वाची पायरी मानलं जातं.

मी वही मिटवली आणि बराच वेळ बसून राहिलो. २००९ साली त्या पोराच्या आयुष्यात मी नेमकं हेच केलं होतं. पुढचा मजकूर शाबूत असताना मध्येच पूर्णविराम दिला होता. आणि हे करणारा मी एकटा नाही. "पुढे काय?" हा प्रश्न आपण आपल्या मुलांना जितक्या वेळा विचारतो, त्यातल्या बहुतेक वेळा तो प्रश्न नसतोच. ते उत्तर असतं. थांब, एवढंच सांगायचं असतं.

सिद्दीकींना असं सांगणारे भेटले नसतील असं नाही. पण पुढे वाचणारेही भेटले. लिओ झिलार्ड या मोठ्या शास्त्रज्ञाने होमी भाभांकडे त्यांच्याबद्दल शब्द टाकला. भाभा स्वतः भौतिकशास्त्रातले. त्यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था अणू आणि गणितवाल्यांची. तिचं जीवशास्त्राशी देणंघेणं नव्हतं. तरी त्यांनी तीस वर्षांच्या सिद्दीकींना बोलावलं आणि १९६२ साली कुलाब्याला रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू झाला. भारतात या विषयाची जी पहिली घरं उभी राहिली त्यातलं हे एक.

आपण सहसा माणूस मोठा झाल्यावर त्याचा सत्कार करतो. तीस वर्षांच्या मुलाला खोली, माणसं आणि वेळ देऊन "तुला जे महत्त्वाचं वाटतं ते कर" म्हणणं वेगळं. तक्त्यावर नाव लिहिण्यापेक्षा ते फार अवघड आहे.

यापुढचा भाग मला सर्वांत जवळचा वाटला, कारण माझंही वय आता चाळिशी ओलांडलेलं. सिद्दीकी चाळिशीला आले तेव्हा जिवाणूंच्या क्षेत्रात त्यांचं नाव झालेलं होतं. त्याच पायवाटेवर निवांत चालत निवृत्त होता आलं असतं. त्यांनी विषयच बदलला. अमेरिकेत कॅलटेकला सीमोर बेन्झर यांच्याकडे जाऊन ते फळमाशीवर काम करू लागले. फळमाशी म्हणजे पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारी ती चिलटं. हॉटेलवाला फडकं मारून हाकलतो तीच. त्यातल्या काही उत्परिवर्तित माशा अशा होत्या की तापमान वाढवलं की लुळ्या पडायच्या आणि गारव्यात आणल्या की परत उठायच्या. मज्जातंतूंमधून संदेश जाण्यात नेमका कुठे बिघाड होतो, हे या माशांमधून शोधता येत होतं. सिद्दीकी आणि बेन्झर यांचा यावरचा निबंध १९७६ सालचा. त्याच वर्षी त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कारही मिळाला.

मुंबईला परत येऊन त्यांनी विचारलेला प्रश्न लहान मूल विचारेल असा होता. माशीला गोड कसं कळतं? वास कसा कळतो? या कामात त्यांच्याबरोबर होती त्यांची विद्यार्थिनी वेरोनिका रॉड्रिग्ज. मूळ कुटुंब गोव्याचं, जन्म केनियातला, शिक्षण युगांडात आणि मग डब्लिनला. तिथून ती पीएचडीसाठी मुंबईत आली. दोघांनी मिळून चव आणि वास ओळखण्यात गडबड असलेल्या माशा हजारोंमधून निवडून काढल्या. एखादी साखर न ओळखणारी माशी, कडू क्विनाइन न टाळणारी माशी. कुठलं जनुक बिघडलं की कुठली जाणीव जाते, याचा माग त्यांनी लावला. रॉड्रिग्ज पुढे स्वतः या क्षेत्रातल्या नामवंत प्राध्यापक झाल्या. २०१०मध्ये त्या गेल्या.

मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा एक सहकारी हसले. म्हणाले, "सरकारी पैशावर चिलटांच्या जिभा तपासायच्या, फायदा काय?" मी त्यांच्यावर रागावलो नाही. पंधरा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. एवढंच सांगितलं की सिद्दीकींचं हे काम सुरू झालं सत्तरच्या दशकात. पुढे उंदरांमध्ये वास ओळखणाऱ्या जनुकांचा शोध लावणाऱ्या रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४चं नोबेल मिळालं. म्हणजे वास कसा कळतो हा पोरकट प्रश्न नव्हता. आपल्याला तो पोरकट वाटतो, कारण आपल्या पोरांनी विचारलेले असले प्रश्न आपण कधी पुरते ऐकलेच नाहीत.

साठीच्या आसपास, म्हणजे लोक फंडाचा हिशोब करतात त्या वयात, सिद्दीकींनी बंगळुरूला कृषी विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभं केलं. एनसीबीएस या नावाने आज ते जगभर ओळखलं जातं. त्याचे ते संस्थापक संचालक. संचालकपद सोडल्यावरही प्रयोगशाळा सोडली नाही. १९८४ला पद्मभूषण, त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो, २००६ला पद्मविभूषण. हिंदुस्तानी संगीताचं वेड, स्वतः सरोद वाजवायचे. जुलै २०१३मध्ये बंगळुरूत घराजवळ चालायला गेले असताना एका दुचाकीची धडक बसली आणि काही दिवसांनी, २६ जुलैला, ते गेले. वय ८१. तोवर त्यांचं काम चालू होतं.

हे सगळं मी त्या मुलीला मधल्या सुट्टीत तुकड्यातुकड्याने सांगितलं. पूर्णविरामाची गोष्ट तिला पटकन समजली. माझ्यापेक्षा लवकर. गारपिटीची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "अच्छा हुआ ना सर, गारां पडे."

मग तिच्या अब्बांना भेटायला गेलो. ते टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करतात. मी शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "सर, वो तो बडे लोगां. हमारी बच्ची का बोलो. कितने साल? कितना पैसा?"

त्यांचा प्रश्न रास्त होता आणि या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. अकरावी-बारावी विज्ञान. त्यानंतर इथल्याच कॉलेजात बीएस्सी, मग एमएस्सी. किंवा प्रवेश परीक्षा देऊन पुण्याची आयसर, जी २००६ साली सुरू झाली. तिथे पाच वर्षांत दोन्ही होतं. मग पीएचडी, पाच-सहा वर्षं. तिच्यासाठी नेटची परीक्षा निघाली आणि फेलोशिप मिळाली तर २०२३पासून सुरुवातीलाच दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. हे ऐकून ते चमकले. "पढने के पैसे देते?" मी म्हणालो, हो, देतात. पण बाकीचंही लपवलं नाही. पीएचडीनंतर पोस्टडॉक, बहुधा परक्या गावी, परक्या देशी. कायमची नोकरी तिशी उलटल्यावर, आणि तीही मिळेलच असं नाही. अकरावीत सगळं इंग्रजीत येईल तेव्हा पहिले सहा महिने पोर रडेल. लग्नाची विचारणा आली की घरात वादही होतील.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आतून तिची अम्मी म्हणाली, "ग्यारवी साइन्स भरवाओ. आगे का आगे देखेंगे."

त्या उन्हाळ्यात आम्ही एक वही केली. तीन रकाने. खलिया, पेशी, सेल. जियाई तालीफ, प्रकाशसंश्लेषण, फोटोसिंथेसिस. खामरा, विकर, एन्झाइम. पहिले दोन रकाने मी भरले, तिसरा तिने. भाषेच्या मास्तराला विज्ञानात करण्यासारखं एवढं होतं, आणि ते मी वीस वर्षांत कधी केलं नव्हतं. आता दरवर्षी दहावीच्या मुलांसाठी ही वही झेरॉक्स करून ठेवतो.

ती अकरावी सायन्सला गेली. पहिल्या चाचणीत भौतिकशास्त्रात नापास झाली, रडली, परत बसली. आता बारावीत आहे. पुढे काय होईल, मला माहीत नाही. ती सिद्दीकी होईल असं मी म्हणत नाही. बीएस्सी करून एखाद्या लॅबमध्ये लागली किंवा शाळेत विज्ञान शिकवायला लागली तरी तिचं वाक्य तिने पूर्ण केलेलं असेल.

गेल्या महिन्यात माझ्या मोबाइलची काच फुटली. त्या मुलाच्या दुकानात गेलो. दुकान कसलं, टपरीच. टेबलावर एक सूक्ष्मदर्शक होता. हल्ली मोबाइलचे बोर्ड इतके बारीक असतात की दुरुस्तीला तो लागतोच. मी त्याच्याकडे बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. हसून म्हणाला, "सर, खुर्दबीन तो मिल गई आखिर."

त्याला टोमणा मारायचा नव्हता. मला मात्र खाली बघावं लागलं. मी त्याला सांगितलं, बेटा, २००९ला मी तुझ्या अब्बांना जो सल्ला दिला तो चुकीचा होता. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे मी कबूल केलं नाही. तो काच बसवत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "जाने दो सर. उस वक्त सब वैसाच बोलते थे."

मग मी त्याला त्या मुलीबद्दल सांगितलं. त्याने लगेच विचारलं, ती काय बघते? मी म्हणालो, चिलटं.

रविवारी दुपारी ती अब्बांबरोबर दुकानात आली. हातात काचेची छोटी बाटली, आत केळ्याच्या सालीवर जमवलेली चिलटं. त्याने बोर्ड बाजूला केले, काच पुसली, बाटली थोडा वेळ बर्फाच्या पाण्यात धरली म्हणजे माशा सुस्त होतील. हे त्याला कुणी शिकवलं होतं, विचारायचं राहून गेलं. एक माशी कागदावर ठेवून त्याने आधी स्वतः डोळा लावला आणि बराच वेळ उठला नाही. ती शेजारी उभी राहून वाट बघत होती. शेवटी तिचे अब्बा म्हणाले, "अरे भाई, बच्ची को भी देखने दे."

"आंखां लाल हैं इसके," तो म्हणाला आणि स्टूल तिच्याकडे सरकवला.